ट्रॉयच्या गृहस्थांनी झेललेला चेंडू

६ मे २०१०, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर घरी न येता तडक डेट्रॉइट गाठलं. डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचे रेडिओ समालोचक अर्नी हार्वेल यांना कोमेरिका पार्क या टायगर्सच्या मैदानात, त्यांच्याच पुतळ्याजवळ, अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. परवा गेले. वय ९२. रांगेत माझ्या पुढच्या आजोबांनी जुना ट्रान्झिस्टर छातीशी धरला होता. बंदच होता, पण एरियल पूर्ण वर काढलेली.

१९९३ साली डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावी आलो तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. खोलीत एक गादी आणि एक रेडिओ. साताऱ्याला दादांच्या मांडीशी बसून बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकलेलं, त्यामुळे खेळ कानानंच बघायची सवय. हार्वेल घाई करत नसत. दोन चेंडूंच्या मध्ये गप्प बसत आणि मैदानातली गुणगुण ऐकू देत. बॅट न हलवता कुणी बाद झाला की म्हणत, रस्त्याकडेच्या घरासारखा नुसता उभा राहिला! तो नियम मला या एका वाक्यानं शिकवला.

आणि एका संध्याकाळी फाऊल चेंडू प्रेक्षकांत गेला, तेव्हा ते सहज म्हणाले की ट्रॉयच्या एका गृहस्थांनी तो झेललाय. मी ताडकन उठून बसलो. माझं गाव! तोवर ते फक्त पाकिटावर लिहायचा पत्ता होतं.

पुढे कळलं की ही गावं ते मनानंच घालत. कधी सॅगिनॉ, कधी इप्सिलँटी. कळल्यावर मला ते जास्तच आवडायला लागले. कुठल्या कुठल्या खेड्यातला माणूस आपलं नाव येईल म्हणून कान लावून बसत असेल, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांची कथाही न्यारी. १९४८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सना ते हवे होते, म्हणून अटलांटाच्या संघाला बदल्यात क्लिफ डॅपर हा कॅचर दिला. समालोचकासाठी खेळाडू! टायगर्सकडे ते १९६० ला आले आणि मधलं एक वर्ष सोडलं तर २००२ पर्यंत इथलेच राहिले. दर वसंतात पहिल्या प्रक्षेपणाला बायबलच्या गीतरत्नातल्या ओळी म्हणत: हिवाळा सरला, पाऊस संपला, पाखरांच्या गाण्याचे दिवस आले. मिशिगनचा हिवाळा काढलेल्यालाच त्या ओळींची किंमत कळते.

१९९९ च्या उन्हाळ्यात आई इथे होती. इंग्रजीचा गंध नाही. तरी मेथी निवडायला बसली की म्हणायची, "लाव रे त्यांना." एकदा म्हणाली, "जेवलास का, असं विचारल्यासारखं बोलतात बघ."

शवपेटीपाशी जेमतेम चार पावलं थांबता आलं. हात जोडले. पुढच्या आजोबांनी एरियल हळूहळू आत ढकलली.

आता रात्रीचे अकरा. साताऱ्यात उजाडलं असेल, आईची पूजा उरकली की फोन करतो. तिला सांगायचंय.