टेन्शन मोजायचं कसं आणि मग त्याचं करायचं काय

"टेन्शन घेऊ नको" या वाक्याने आजवर कोणाचं टेन्शन गेलंय का हो? माझं तर नाही गेलं, उलट आपण टेन्शन घेतोय याचं अजून एक टेन्शन वाढतं. मध्यंतरी रात्री तीनच्या सुमारास टक्क जाग यायची आणि डोक्यात ऑफिसचं एक मेल घोळत असायचं, मेल काही मोठं नव्हतं, दोन ओळींचं उत्तर द्यायचं होतं फक्त. ते दोन ओळींचं प्रकरण झोप कसं काय उडवू शकतं या वैतागातून मी या विषयावर वाचायला लागले, त्यातलं जे पटलं ते इथे लिहितेय.

आधी शरीराचं बघू, कारण तिथे गोष्टी सरळ आहेत. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी 'लढा किंवा पळा' ही प्रतिक्रिया मांडली. धोका दिसला की अ‍ॅड्रेनलीन हे हार्मोन रक्तात सुटतं, छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं पडतं, पचन मंदावतं, कारण त्या क्षणी जेवण पचवण्यापेक्षा जीव वाचवणं महत्त्वाचं. पुढे १९३६ मध्ये हान्स सेली या संशोधकाने उंदरांवरचे प्रयोग छापले, त्याने उंदरांना थंडीत ठेवलं, जखम केली, दमेपर्यंत पळवलं, औषधांचे जड डोस दिले, आणि त्रास कुठलाही असो, शरीरात होणारे बदल बरेचसे सारखेच दिसले. (बिचारे उंदीर. या विषयाचं अर्धं ज्ञान त्यांच्या जिवावर आलंय.)

अ‍ॅड्रेनलीनच्या मागोमाग येतं कॉर्टिसोल, हे पण एक हार्मोनच. त्याला सगळे व्हिलन करतात ते मला पटत नाही, सकाळी उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात ते मुळातच वाढतं आणि आपण कामाला लागतो ते काही अंशी त्याच्यामुळेच. अडचण होते ती यंत्रणा चालू होते यात नाही, ती बंद होत नाही यात. वाघ समोर आला तर दहा मिनिटांत निकाल लागतो, इकडे किंवा तिकडे, पण हप्ता, परीक्षा, सासू, साहेब यांचा निकाल दहा मिनिटांत लागत नाही. मग ती यंत्रणा महिनोन्‌महिने मंद आचेवर चालूच राहते आणि त्याची किंमत रक्तदाब, झोप, पोट, प्रतिकारशक्ती असं सगळीकडून वसूल होते. १९९१ मध्ये एक भारी अभ्यास आला होता, ३९४ निरोगी लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले, आणि ज्यांचा ताण आधीपासून जास्त होता त्यांना सर्दी व्हायचं प्रमाणही जास्त निघालं.

आता मोजण्याकडे येऊ, हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोघांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून त्यांना मार्क दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. हो, लग्न पण, आनंदाची गोष्ट असली तरी, आणि सुट्टीवर जाण्याला सुद्धा १३ मार्क आहेत. वर्षभरातल्या घटनांची बेरीज करायची आणि जितकी जास्त तितका आजारी पडायचा धोका जास्त, असा हिशोब. यादी वाचायला मजा येते पण माझं त्यात काही बसेना, कारण त्या वर्षात माझ्याकडे घडलंच नव्हतं काही, तरी झोप नाही! मग १९८१ मधलं काम वाचलं, त्यात संशोधकांनी रोजच्या बारीकसारीक कटकटी मोजल्या, वस्तू हरवणं, वजन, वाढते भाव, कामांचा ढीग असल्या, आणि मनाच्या तक्रारींचा संबंध मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींशी जास्त जुळला. वाचून हुश्श झालं, म्हणजे दोन ओळींचं मेल झोप उडवू शकतं तर.

सध्या सगळ्यात जास्त वापरतात ती प्रश्नावली शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची, १९८३ ची. सर्दीचा अभ्यास पण याच कोहेनचा. तिच्यात तुमचं काय झालं हे विचारतच नाहीत. गेल्या महिन्यात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं किती वेळा वाटलं, अडचणी इतक्या साचल्यात की निभणार नाहीत असं किती वेळा वाटलं, अशा धाटणीचे प्रश्न, मूळ प्रश्नावलीत चौदा होते, आता जास्त चालते त्या छोट्या आवृत्तीत दहा, प्रत्येकाला ० ते ४, आणि बेरीज ० ते ४०. त्यातले चार प्रश्न सकारात्मक आहेत त्यांचे मार्क उलटे धरायचे, हे बरेच जण विसरतात आणि मग भलताच आकडा येतो. अमुकपर्यंत कमी, तमुकच्या पुढे गंभीर असे पट्टे नेटवर फिरत असतात पण ही आजार ठरवायची टेस्टच नाहीये, त्यामुळे ते पट्टे फार मनावर घेऊ नका. माझ्या मते तिचा खरा उपयोग स्वतःचाच आकडा महिन्या-दोन महिन्यांनी परत काढून बघायचा, वर चाललाय की खाली, बस.

आणि प्रश्न नीट वाचले की एक गोष्ट लक्षात येते, सगळं 'हातात असणं' या एकाच गोष्टीभोवती फिरतंय. रिचर्ड लाझारस हा मानसशास्त्रज्ञ पण साधारण हेच सांगतो, आपण आधी बघतो की यात माझं काही बिघडणार आहे का, आणि मग बघतो की मला हे झेपेल का, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' आलं की ताण. म्हणूनच एकाच ऑफिसात, एकाच डेडलाइनला एक जण शिट्टी वाजवत असतो आणि दुसरा रडकुंडीला येतो.

मग उपाय पण त्यावरच ठरतो, आणि इथेच आपण सगळे घोळ घालतो असं माझं मत आहे. जे हातात आहे तिथे आपण दीर्घ श्वास घेत बसतो आणि जे हातात नाही तिथे रात्रभर प्लॅन करत बसतो. ते मेल घ्या. प्राणायाम करून ते जाणार नव्हतं. फाईल अर्धवट होती, म्हणून उत्तर लिहायला घेतलं की लाज वाटायची, म्हणून मेल बंद, म्हणून परत रात्री तीन. शेवटी लिहिलं काय, तर "फाईल गुरुवारी देते". पाठवलं आणि खांदे खाली आले, अक्षरशः खाली आले, ते वर होते हेच तोपर्यंत कळलं नव्हतं.

याउलट घरात कोणाचं आजारपण असेल, रिपोर्ट यायचा असेल, तिथे करण्यासारखं होतं ते करून झालेलं असतं, तिथे शरीर शांत करणं हेच काम. श्वास मिनिटाला साधारण सहाच्या आसपास आणायचा, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, श्वास सोडताना हृदयाची गती जरा उतरतेच, त्याचा फायदा घ्यायचा. दुसरं जेकबसन या अमेरिकन डॉक्टरचं स्नायू सैल करायचं तंत्र, मूठ पाचेक सेकंद घट्ट आवळायची आणि एकदम सोडून द्यायची, मग दंड, खांदे, कपाळ, जबडा. जबडा नक्की करा. हे वाचताना तुमचे दात एकमेकांवर दाबलेले आहेत का बघा बरं, माझे लिहिताना होते. चालणं, कोणाशी तरी मनातलं बोलणं हे तुम्हाला माहीत आहेच. कॉफीचं मात्र सांगते, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला अर्धी शिल्लक असते.

अजून एक, कामाचा बोजा भरपूर पण ठरवायचा अधिकार शून्य, ही नोकरीतली सगळ्यात वाईट जोडी, कारासेक या संशोधकाने १९७९ मध्येच मांडलंय हे. अशा ठिकाणी कंपनी मेडिटेशनचं सेशन ठेवते तेव्हा मला राग येतो. माणसं वाढवा, नाहीतर काम कमी करा, सेशन नंतर बघू.

आणि झोप, भूक, कामावरचं लक्ष दोन-तीन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टरकडे जा, जगूच नये असं वाटत असेल तर आठवड्यांची वाट न बघता आजच, आणि एकटे जाऊ नका. सतत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असेल तर थायरॉइडची टेस्ट करून घ्या म्हणजे घ्याच, थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की हुबेहूब टेन्शनसारखंच होतं आणि त्याला गोळी लागते, श्वास मोजून ते बरं होत नाही.