अंधारात दिसणारा रंग

नववीच्या इंग्रजीच्या तासाला मी एकदा मुद्दाम विसंगती पेरलेला उतारा दिला. कल्पना माझी नव्हती. मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळकरी मुलांपुढे असेच परिच्छेद ठेवले होते. समुद्राच्या तळाशी अजिबात प्रकाश नसतो, असे आधी सांगायचे आणि पुढे तिथले काही मासे आपले अन्न रंगावरून ओळखतात, असे म्हणायचे. बऱ्याच मुलांना त्यात काहीही खटकले नव्हते. ती मुले तर आपल्याच भाषेत समजून घेत होती. परक्या भाषेत वाचणाऱ्या माझ्या वर्गाचे काय होते, हे मला पाहायचे होते.

अडलेल्या शब्दांची सबब राहू नये म्हणून मी उतारा साध्या, शिकवून झालेल्या शब्दांत लिहिला, खाली नेहमीसारखे प्रश्न दिले आणि शेवटी ‘उताऱ्यात काही विचित्र वाटले का?’ असे विचारले. जवळजवळ सर्वांची उत्तरे बरोबर आली. शेवटच्या प्रश्नापुढे मात्र बहुतेकांनी ‘नाही’ लिहिले होते.

मधल्या सुट्टीत मी दोघांना थांबवून घेतले आणि वाचताना मनात जे येईल ते मोठ्याने, हव्या त्या भाषेत बोलायला सांगितले. पहिला मुलगा वर्गात सर्वांत अस्खलित वाचणारा. त्याने आधी प्रश्न वाचला, त्यातल्या ‘फाइंड देअर फूड’ या शब्दांवर बोट ठेवले, तेच शब्द उताऱ्यात शोधले आणि पुढचा ‘बाय’पासूनचा तुकडा उतरवून काढला. मासे, अंधार, रंग यांच्याकडे त्याला वळावेच लागले नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण आपल्या प्रश्नपत्रिकांतले बरेच प्रश्न याच युक्तीने सुटतात.

दुसरी मुलगी अडखळत वाचणारी. तिच्या वाचनाची पाळी आली की वर्गात चुळबुळ सुरू होते. तिच्या कागदावर ‘कलर’ या शब्दापाशी खोडलेल्या प्रश्नचिन्हाची पुसट खूण होती. का खोडलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, अंधारात रंग कसा दिसेल, असं वाटलं होतं. पण छापलेलं चुकीचं कसं असेल? माझंच इंग्लिश कच्चं आहे.”

या उत्तराने मी हादरले. आपल्याला समजत आहे की नाही यावर लक्ष ठेवणे हे आकलनातले फार वरच्या पायरीचे कौशल्य. ते या मुलीकडे होते, परंतु तिने प्रत्येक शंका स्वतःच्या भाषेच्या खात्यावर टाकली होती. उच्चार आणि वेग यांवरून वाचक जोखण्याची आपली जुनी सवय अशा मुलींना गप्प बसवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर मी प्रश्न उताऱ्यातले शब्द टाळून काढू लागले. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून, काय कळले ते मराठीत एका वाक्यात सांगायचे आणि जिथे अडखळले तिथे पेन्सिलीने खूण करायची, असा नियम केला. खुणेला गुण ठेवले. पुढच्या चाचणीत त्या अस्खलित मुलाची उत्तरे बरीच चुकली, मात्र कागदावर खुणा भरपूर होत्या. त्यांतल्या निम्म्या उगाच केलेल्या होत्या. त्यांचेही गुण मी दिले.