दुपारचं चार्जिंग, चढलेलं व्होल्टेज आणि खांबापासूनची वायर

नवीन वाचणाऱ्यांसाठी सेटअप थोडक्यात. घर साताऱ्याबाहेर, कोरेगाव रस्त्याला. गच्चीवर ५४० वॅटचे ६ पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, तोंड दक्षिणेला, उतार १८ अंश. ३ किलोवॅटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून महावितरणच्या लाइनलाही देणारा) आणि महावितरणचा नेट मीटर. सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं. गाडी जुनी नेक्सॉन ईव्ही, ३०.२ किलोवॅट-तासांच्या बॅटरीची. आठवड्यातून दोनदा कराडला जाऊन येतो, शंभरएक किलोमीटर होतात. प्लगपाशी मोजलं तर युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर पडतात, म्हणजे एका कराड-फेरीला १६ युनिटं.

पहिले सहा महिने मी गाडी रात्रीच लावत होतो. नेट मीटरमध्ये दुपारी दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट एकास एक वजा होतं, मग दुपारी लावायची धडपड कशाला, असा माझा हिशेब होता. बिलापुरता तो बरोबर होता. पण एक गोष्ट त्यातून निसटली, आणि आजची नोंद तिच्याबद्दलच आहे.

फेब्रुवारी

इन्व्हर्टरच्या ॲपमधला दिवसाचा आलेख स्वच्छ उन्हात घुमटासारखा गोल यायला हवा. माझ्या आलेखाला ऐन दुपारी दात पडायला लागले. ११:४० ते २च्या दरम्यान उत्पादन अचानक शून्य, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा शून्य. आधी सावलीवर संशय घेतला. पण पाण्याच्या टाकीची सावली पडली तर उत्पादन काही प्रमाणात घटतं, असं एकदम शून्यावर येत नाही. पॅनेल धुऊनही काही फरक पडला नाही.

मग एररची यादी उघडली. सगळीकडे एकच कारण : ग्रिड ओव्हरव्होल्टेज, म्हणजे लाइनचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढलेलं. माझ्या इन्व्हर्टरची मर्यादा २६५ व्होल्टची आहे, व्होल्टेज तिथे पोहोचलं की तो स्वतःला लाइनपासून तोडून घेतो. तसं त्याने केलंच पाहिजे, नाहीतर घरातली उपकरणं जातील. रविवारी त्रास सगळ्यात जास्त. आमच्याच ट्रान्सफॉर्मरवर पिठाची गिरणी आहे आणि तिला रविवारी सुट्टी असते, म्हणजे ओढणारं कोणी नसतं. शिवाय गल्लीत आता आणखी तीन घरांवर सोलर आहे, तेही त्याच वेळी ढकलत असतात.

मार्च

एका रविवारी साडेबाराला व्होल्टेज २६३ असताना गाडी लावून पाहिली. माझ्या पोर्टेबल चार्जरवर करंट निवडता येतो, तो १० अँपिअरवर ठेवला. मिनिटभरात आकडा २५५वर उतरला आणि संध्याकाळपर्यंत इन्व्हर्टर एकदाही बंद पडला नाही. आलेख पुन्हा गोल! खरं सांगतो, गाडी घेतल्याच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद त्या आलेखाने दिला.

कारण समजून घ्यायला वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी खांबावर चढून मोजलं, मी खाली मीटरपाशी. खांबावर २५४, माझ्याकडे २६३, आणि बाहेर जाणारा करंट ९.६ अँपिअर. म्हणजे नऊ व्होल्टची वाढ माझ्याच ६० मीटर सर्व्हिस वायरमध्ये, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरमध्ये, होत होती. ती वायर ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची, घर बांधलं तेव्हाची. जाऊन-येऊन १२० मीटर धरले तर तिचा रोध ०.८५ ओहम येतो. नऊ व्होल्टमधली बहुतेक वाढ त्यातूनच येते, उरलेली खांबावरच्या काळवंडलेल्या सांध्यामुळे.

घरात वीज येताना याच वायरमुळे व्होल्टेज पडतं आणि ते आपण वर्षानुवर्षं चालवून घेतो. सोलरमध्ये प्रवाह उलटा वाहतो, त्यामुळे तेवढंच व्होल्टेज चढतं. दुपारी गाडी लावली की गच्चीवरची वीज अंगणातच संपते, वायरमधून फारसं काही जातच नाही, आणि चढही नाहीसा होतो.

“साहेब, वायर बदला, गाडी रोज थोडीच घरी असणार,” असं दादा म्हणाले. पटलं.

एप्रिल

रीतसर अर्ज करून १० चौरस मिलिमीटरची वायर टाकून घेतली, सांधाही नवीन केला. आता तोच करंट जाताना चढ साडेतीन व्होल्टच्या आत राहतो. गाडी नसलेल्या रविवारीही आकडा २५८च्या वर गेला नाही. मार्चमध्ये ४१२ युनिटं मिळाली होती, एप्रिलमध्ये ४४१. खांबावर चढायचं काम कृपा करून कोणीही स्वतः करू नका, ते महावितरणच्या माणसाचंच आहे.

मे

४१८ युनिटं. ऊन कडक असूनही एप्रिलपेक्षा कमी, कारण पॅनेल तापतात. माझ्या पॅनेलच्या पत्रकात २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के घट दिली आहे. दुपारी मागच्या बाजूला ६५ अंश मोजले, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले.

याच महिन्यात चार्जिंगचा जुना सॉकेट वितळला. गीझरची लाइन वाढवून तिथे काढलेला होता, आणि गीझर पंधरा मिनिटं चालतो तर गाडी सात तास. आता मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग आहे. तासाभराने चार्जर बंद करून प्लग काढायचा आणि पिनांना हात लावून बघायचा. कोमट ठीक, चटका बसला तर चार्जिंग थांबवून सांधे तपासायचे.

जुलै

१७८ युनिटं. घराला १९० लागली, गाडीला १५०च्या आसपास. उन्हाळ्यात साठलेल्या युनिटांतून भागलं, बिलात फक्त स्थिर आकार आणि किरकोळ. सातारच्या पावसात ‘गाडी उन्हावर चालते’ असं म्हणता येत नाही, ती एप्रिल-मेच्या जमेवर चालते. म्हणून पॅनेलची संख्या ठरवताना जुलैकडे बघू नका, वर्षाची बेरीज बघा. उरलेली युनिटं ३१ मार्चनंतर पुढे जात नाहीत, त्यांचे मिळणारे पैसेही कमी असतात, त्यामुळे उगाच जास्त पॅनेल लावण्यातही अर्थ नाही.

वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद होतो, भर उन्हात गाडी चार्ज होत नाही. जुलैत दोनदा तसं झालं आणि कराडला बसने जावं लागलं. म्हणून पावसाळ्यात आता गाडी ५० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही.

पुढच्या महिन्यात गल्लीतल्या बाकी तिघांच्या मीटरपाशी एकाच रविवारी, एकाच वेळी व्होल्टेज मोजणार आहोत. तुमच्याकडेही आलेखाला दात असतील तर दुपारी १२ ते २चे आकडे, वायरची जाडी आणि खांबापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. एकत्र तक्ता करू.