पुढचं व्याख्यान कधी?

"सर, पुढचं व्याख्यान कधी असतं? आणि ते कळतं कुठे?"

आज आमच्या विद्यापीठात कार्यक्रम संपल्यावर एक काका संयोजकांना विचारत होते. निवृत्त एसटी कंडक्टर. हातात दोनशेपानी वही. वर तारीख, वक्त्याचं नाव आणि खाली बारीक अक्षरात मुद्दे. सभागृहात टिपणं काढणारे बहुतेक ते एकटेच. बाकी सगळे क्यूआर कोडसमोर रांगेत, कारण फीडबॅक भरला की सर्टिफिकेट मिळतं!

"काका, आम्ही ग्रुपवर टाकतो." हा ग्रुप विभागातल्या मुलांचा. त्यात काकांना कोण घेणार?

जाताना सूचनाफलक मुद्दाम पाहिला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो. झालेल्या कार्यक्रमांची सगळी हजेरी तिथे होती. होणाऱ्या कार्यक्रमाचा एक कागद नाही. वेबसाइटवरही तीच गत. 'आगामी कार्यक्रम' उघडलं की गेल्या वर्षीचं पत्रक.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली, ती येईल त्याच्यासाठी. पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेणारा विभाग, तर पहिले कुलगुरू बॅ. जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगाव घेऊन जातं. आमच्याकडे वक्ते चांगले येतात, खर्चही होतो. फक्त गावाला पत्ता लागत नाही. कोरम मुलांना बसवून भरतो, मग गरज तरी कुणाला?

काकांचा नंबर मी घेतलाय. पुढचं कळलं की कळवेन. म्हणजे, मला कळलं तर.

तुमच्याकडे बाहेरच्या माणसाला आधी कळतं का हो?