उबुंटू टाकताना अडलं कुठे, तर एका लपलेल्या ओळीवर

लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची होती. रुफस नावाच्या प्रोग्रामने उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार केला, विंडोजमधून 60 जीबी जागा मोकळी केली. अर्ध्या तासाचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग उबुंटूचा इन्स्टॉलर लावला. भाषा, कीबोर्ड, वायफाय सगळं विचारून झाल्यावर तो म्हणतो, इंटेलचं आरएसटी (डिस्क सांभाळणारी सोय) चालू आहे, ते बंद करून पुन्हा या. अरे, मग आधीच सांगायचं ना! नागपूरचा मे महिना, बाहेर 45 अंश. कुलरचे तुषार लॅपटॉपवर नकोत म्हणून मी कोपऱ्यात घाम पुसत बसलेलो.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये गेलो, तर ते बंद करायचा पर्यायच नाही. चार वेळा सगळी पानं चाळली. सीताबर्डीतल्या एका दुकानात दाखवलं. "होत नाही भाऊ, विंडोज उडवा लागते. हजार रुपये." लॅपटॉप उचलला आणि घरी आलो.

रात्री कळलं की माझ्या लॅपटॉपमध्ये ती ओळ मुद्दाम लपवलेली आहे. बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं, की व्हीएमडी नावाची ओळ उगवते; आरएसटी तिथूनच बंद होतं. दोन दिवस मी हिलाच शोधत होतो! लगेच बंद केली आणि विंडोज निळा पडदा दाखवून आडवं झालं. डिस्क वाचायला त्याला जुनाच ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) हवा होता.

व्हीएमडी परत चालू केलं, विंडोज उठलं. मग विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये सेफ बूटवर टिक केली, रीस्टार्ट करून व्हीएमडी बंद केलं. आता विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह, उघडलं आणि नवा ड्रायव्हर त्यानेच धरला. टिक काढली, झालं. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही, खात्याचा पासवर्ड लागला. तो आठवत असेल तरच पुढे जा.

आणि हो, हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं: बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (हे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) 48 आकडी रिकव्हरी की वहीत उतरवा. माझ्याकडे ती मागितली तेव्हा मोबाईलवर बघून टाकताना दोनदा चुकलो. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद ठेवा, ते विंडोजला पूर्ण बंद होऊ देत नाही.

त्यानंतर उबुंटू वीस मिनिटांत बसलं. सकाळी बाबांनी विंडोज उघडलं आणि ओरडले, "अबे, साडेचारच वाजले?" हातात तर्री पोह्यांची प्लेट, भिंतीवर दहा. उबुंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ लिहितो, जी आपल्या साडेपाच तास मागे असते; विंडोज तीच इथली वेळ समजतो. म्हणून बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. टर्मिनलमध्ये एका ओळीच्या कमांडने उबुंटूलाही इथलीच वेळ लिहायला लावलं.