कॅमॅरोचा ऑटोमॅटिक बॉक्स घरी बांधताना: ३-४ क्लच का जळाला

गाडी २००० सालची कॅमॅरो झेड-२८, ५.७ लिटर व्ही-८, इंजिनामागे जीएमचा ४एल६०-ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नोव्हेंबरात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच रेस व्हायला लागलं. आठवड्याभरात तिसरा आणि चौथा, दोन्ही गेले. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स मात्र ठणठणीत. हा बॉक्स ज्यांनी खोललाय त्यांना एवढं ऐकूनच पुरतं. सन शेल (आतलं पत्र्याचं घंटेसारखं कवच) तुटलं असतं तर रिव्हर्स, दुसरा आणि चौथा गेला असता. तिसरा-चौथा जोडीनं गेले, म्हणजे त्या दोन्हींना लागणारा ३-४ क्लच जळाला.

बॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उतरवला तर तेल काळं, वास करपलेल्या ब्रेक लायनिंगसारखा, आणि चुंबकावर राखाडी गाळाचा बोटभर थर. त्यात काळा चुरा भरपूर होता, पण धातूच्या कपच्या नव्हत्या. माझा निर्णय इथेच झाला. कपच्या असत्या, प्लॅनेटरी गिअर किंवा केस (बॉक्सचं बाहेरचं घर) खाल्लेली असती, तर मी बदली बॉक्सच शोधला असता.

बदलीचे दोन रस्ते होते. दुकानात बांधलेला बॉक्स जुना परत देऊन घ्यायचा, तर मला २६०० डॉलर सांगितले, गाडीला बसवण्याची मजुरी वेगळी. भंगार यार्डात सिल्व्हराडो आणि टाहोमधून निघालेले ४एल६०-ई ढिगानं पडलेले असतात. पण कॅमॅरोचा टॉर्क आर्म (मागच्या ॲक्सलला पिळू न देणारा लांब दांडा) बॉक्सच्या शेपटीला धरलेला असतो, त्यामुळे पिकअपचा बॉक्स जसाच्या तसा बसत नाही. शिवाय तिथल्या बॉक्सचे सील माझ्या बॉक्सइतकेच जुने, आणि त्याचा ३-४ क्लच किती उरलाय हे खोलल्याशिवाय कळायला मार्ग नाही. खोलायचंच असेल तर स्वतःचा का नको?

काढायला दीड दिवस लागला. एक्झॉस्टचा वाय पाइप, प्रोपेलर शाफ्ट, टॉर्क आर्म, मग क्रॉसमेंबर. बॉक्स कोरडा सुद्धा साधारण ६५ किलोचा आहे, त्यामुळे ट्रान्समिशन जॅक भाड्यानं आणला. साध्या ट्रॉली जॅकवर हे काम कुणीही करू नये, एकट्यानं तर अजिबात नाही.

इनपुट ड्रममधून (यात क्लच बसवलेले असतात) ३-४च्या फ्रिक्शन प्लेट काढल्या तेव्हा दोन प्लेटवर लायनिंग नावालाही उरलं नव्हतं आणि मधल्या स्टील प्लेट निळ्या पडल्या होत्या. नव्या प्लेट घालून ड्रम बंद करणं सोपं होतं. पण क्लच आपणहून जळत नाही, त्याला दाबणारं प्रेशर कुठेतरी गळत असतं. ते ठिकाण सापडलं नाही तर नव्या प्लेटही त्याच वाटेनं जाणार. या बॉक्समध्ये केसमध्ये ठोकून बसवलेली एक छोटी कॅप्सूल असते, आत बॉल असलेली, थर्ड ॲक्युम्युलेटरची (गिअर पडतानाचा धक्का कमी करणारा भाग). तिच्या भोकात पातळ सॉल्व्हंट ओतलं, केस तिरकी धरली आणि टॉर्च लावून आतून बघत बसलो. दहा सेकंदांत पहिला थेंब ओघळला. मग दुसरा, तिसरा. ३-४ क्लचकडे जाणारं तेल इथून पळत होतं. जुनी कॅप्सूल उपटून नवी ठोकली आणि पुन्हा सॉल्व्हंट भरलं. अर्ध्या तासानंतरही पातळी जागची हलली नाही. माझ्या मते अख्ख्या कामातला हाच सगळ्यात मोलाचा अर्धा तास. सील-प्लेटच्या किटबरोबर ही कॅप्सूल येतेच असं नाही, वेगळी मागवा.

ड्रमच्या टर्बाइन शाफ्टवर चार टेफ्लॉन रिंगा असतात. त्या अखंड असल्यामुळे ताणूनच चढवाव्या लागतात, आणि ताणल्या की सैल राहतात. मी त्या गरम पाण्यात मऊ करून चढवल्या, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली आणि होज क्लॅम्पनं हलक्या हातानं आवळून रात्रभर ठेवल्या. सकाळी खाचेत चपखल बसलेल्या होत्या.

ड्रम बांधून पंपावर बसवला आणि कॉम्प्रेसरची हवा दिली, ४० पीएसआय. याच ड्रममधला फॉरवर्ड क्लच ‘थप्प’ करून बसला, ओव्हररनही बसला. ३-४ला मात्र नुसती फुसफुस. हा पिस्टन ड्रमच्या अगदी तळाशी असतो, फॉरवर्ड आणि ओव्हररनचे पिस्टन त्याच्यावर. म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून सगळं पुन्हा बाहेर काढायचं. माझे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर होते. रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांना पिस्टन दाखवला. म्हणाले, “अरे, डोळ्यानं काय बघतोस, सीलवरनं बोट फिरव. ओठ दुमडला असंल तर बोटाला लागतंय.” फिरवलं, आणि लागलं. आतल्या सीलचा ओठ पाव इंचभर उलटा मुडपला होता. सील नवा घातला, सगळीकडे व्हॅसलिन लावलं, आणि मुलीच्या गिटारची सगळ्यात बारीक तार वाकवून तिनं ओठ हळूहळू आत सरकवत पिस्टन फिरवत बसवला. आता हवा दिली की तिन्हींचा आवाज सारखा येतो. फ्रिक्शन प्लेट आधी तासभर तेलात भिजवल्या होत्या. ३-४ची गॅप फीलर गेजवर एक मिलिमीटर भरली. शाफ्टची मागे-पुढे मोकळीक, म्हणजे एंड प्ले, ०.५ मिमी, मर्यादा ०.१३ ते ०.९२.

एक गोष्ट मी घरी केली नाही. या गाडीला वर्षापूर्वी पी १८७० कोड येऊन गेला होता, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीत (तेल कुठे जाईल ते ठरवणारा भाग) लॉकअपच्या, म्हणजे कन्व्हर्टर थेट जोडून टाकणाऱ्या, व्हॉल्व्हचं भोक घासलेलं. ते मोठं करून स्लीव्ह बसवायला लागणारा रीमर एका कामासाठी घेणं परवडत नाही. दुरुस्त केलेली व्हॉल्व्ह बॉडी विकत घेतली. इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टरही नवा, कारण जळक्या क्लचचा चुरा त्याच्या आत जातो आणि धुऊन निघत नाही. रेडिएटरमधला कूलर दोन्ही बाजूंनी फ्लश केला, तेव्हा आधी काळंच पाणी आलं. सगळा खर्च मिळून १०८० डॉलर, जॅकच्या भाड्यासकट.

कन्व्हर्टर पंपात बसवताना घाई नको. तो फिरवत फिरवत तीन टप्प्यांत आत जातो. पूर्ण न बसवता बोल्ट आवळले तर पंप तिथेच फुटतो. माझा बसल्यावर फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या मागची चकती) साडेचार मिलिमीटर फट राहिली. बरोबर.

शनिवारी डेक्सरॉन-६ भरलं, स्कॅनरनं जुने ॲडॅप्ट (कॉम्प्युटरनं जुन्या बॉक्सवरून शिकलेले आकडे) पुसले. बॉक्स गरम झाल्यावर पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहिली. पहिल्या फेरीत दुसऱ्यातून तिसरा असा पडला की आरपीएमचा काटा सरळ खाली उतरला, मधे कुठेही रेस नाही. ताशी ४५ मैलांवर चौथा, मग लॉकअप. आत्तापर्यंत ३०० मैल झाले. ५००ला पॅन पुन्हा उतरवून फिल्टर बदलणार आहे. सिलेक्टर शाफ्टपाशी दिवसाला एक थेंब दिसतोय. तिथला सील मी जुनाच ठेवला होता. नवा मंगळवारी येतोय.