तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी कमी, पुसापुशी जास्त का?

घरी कोणीही आलं की मी माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या रुळांवर वाकून फडकं फिरवत असतो आणि मग ठरलेला प्रश्न, "अहो, पण गाडी चालवता कधी?" पुण्याच्या कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघून आलेले तर जास्तच, "तिथं कसं सगळं धडाधड चालतं!" चालतं ना. तिथंही कोणीतरी पुसत असणारच, तुमच्यासमोर पुसत नाही एवढंच.

इंजिनात सेल नसतो हो. वीज रुळातून चाकात, चाकातून मोटरला. आमचं माप एचओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर, चाक रुळाला टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाएवढी. तिथे तेलकट थर आला की बारीक ठिणगी उडते, ठिणगीने काळी काजळी धरते, काजळीमुळे अजून ठिणग्या. डब्यांची प्लास्टिकची चाकं ती घाण गोळा करून लेआऊटभर, म्हणजे मांडलेल्या सगळ्या रुळांवर, फासत फिरतात. निकेल सिल्व्हरचे रूळ पितळेपेक्षा बरे, पण डोंबिवलीची धूळ आणि शेजारच्या खोलीतली फोडणी, त्याला ते तरी काय करणार.

आता गणपतीचं सांगतोच, कारण ते कळल्याशिवाय माझी चिडचिड कळणार नाही. मखराभोवती गाडी फिरवायची ही माझी हौस. आल्को कंपनीच्या अमेरिकन डिझेल इंजिनाचं मॉडेल, आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाचं दूरचं भावंड, वर्षभर पैसे साठवून घेतलेलं. दुपारपर्यंत मस्त पळालं. मग धूप, कापूर, तळणीचा धूर, त्यात भाद्रपदातली दमट हवा, आणि संध्याकाळच्या आरतीला घर माणसांनी भरलेलं असताना गाडी बरोब्बर मखराच्या मागे अडकली. पोरं ओरडतायत, काका म्हणतात "सिग्नल नाही वाटतं", सगळे हसतायत, मी टाळ्या वाजवत घामाघूम. आरती संपली, मी प्रसाद वाटायला गेलो, तेवढ्यात मेव्हण्याने स्वयंपाकघरातली तारेची घासणी आणून रूळ लख्ख केले. अगदी मनापासून, मदत म्हणून. रूळ चकाकत होते, गाडी पळाली सुद्धा, लोकांनी त्यालाच शाबासकी दिली. पण घासणीचे बारीक तुकडे रुळात पडलेले, आणि मोटरमध्ये लोहचुंबक. ओढले सगळे आत. गाडी कुरकुरली, जळका वास आला, थांबली. मेव्हणा म्हणतो, "चायनीज माल असेल." मी काही बोललो नाही, बहिणीसमोर काय बोलणार. अजूनही त्या वाक्याने डोकं फिरतं.

सॅण्डपेपरबद्दल विचारणाऱ्यांनाही तेच. ओरखडे पडतात आणि ओरखड्यात घाण जास्त बसते. निदान मला तरी असंच वाटतं, वर्षानुवर्षं रबरी घासणी ठोकळ्याने रूळ उजळवणारे अनुभवी लोक आहेत आणि त्यांच्या गाड्या माझ्यापेक्षा बऱ्या चालतात, हेही खरं.

मी स्वतः आधी सगळ्यांना आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, सांगायचो. फडक्यावर घ्या, पुसा, झालं. इंजिनची चाकं साफ करायला ओला पेपर नॅपकिन रुळावर आडवा टाकायचा, अर्धी चाकं त्यावर, अर्धी कोऱ्या रुळावर, इंजिन हाताने धरून पॉवर द्यायची, नॅपकिनवर काळे पट्टे उमटतात. ते अजूनही करतो. पण आता म्हणतात आयपीएने रूळ लवकर काळे होतात, मिनरल टर्पेंटाइनसारखं काहीतरी वापरा, ठिणग्या कमी उडतात. मी बदललं. फरक पडला? पडला असावा. की त्याच सुमारास डब्यांना धातूची चाकं लावली म्हणून? दोन्ही एकदम केलं, आता कसं कळणार. जुना मी म्हणतो आयपीएच बरं होतं, निदान घरभर रंगकामाचा वास यायचा नाही, आणि बायको या बाबतीत जुन्या माझ्या बाजूने आहे.

आणि हो, "मग बॅटरीच टाका की इंजिनात" हेही ऐकून झालंय. बागेतल्या मोठ्या गाड्यांना लोक रेडिओ कंट्रोल आणि बॅटरी लावतात, रुळात वीजच नको. एचओत जागा कमी, पण जमवणारे जमवतात. मला नको वाटतं. का ते विचारू नका, धड सांगता येत नाही.